भरतातलं खोबरं

"हे पांढरं काय दिसून राहिलं व भरतात?" कौतिकबाईनं विचारलं.

मी भाकरी थापत होते. कुमुद मोरीशी उभी राहून हात धूत होती. हात ती नेहमीच फार वेळ धुवायची, त्यामुळे तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. कौतिकबाईनं पातेल्यातलं थोडं भरीत तळहातावर घेतलं, जिभेला लावलं आणि चहात मीठ पडल्यासारखं तोंड केलं.

"खोबरं आहे हे."

मोरीतलं पाणी वाहतच राहिलं.

"कोणी टाकलं?"

"अगदी थोडंसं आहे," कुमुद भिंतीकडे बघत म्हणाली. "ओलं आहे. ताजं आहे."

"ताजं असो नाही तर शिळं. भरतात खोबरं कायले?"

हे शेवटचं ती ओरडून म्हणाली. मी हातातली भाकरी परातीत तशीच सोडली आणि आधी खिडकी लावून घेतली. त्या घरात राहायला येऊन आम्हाला काही महिने झाले होते आणि तोवर तिथे कोणी एकदाही आवाज चढवला नव्हता.

घर कराडच्या बाहेर, नव्या कॉलनीत होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे थोडं अंगण आणि त्यात कधीच न फळणारा एक चिकू. आम्ही तिघी एका संस्थेच्या बायका. तिघींचंही डोकं कधी ना कधी बिघडलेलं आणि तिघींनीही बरीच वर्षं रस्त्यावर काढलेली. मी साताऱ्याच्या स्टँडामागे, कुमुद कोल्हापुरात एका देवळाच्या पायऱ्यांवर, आणि कौतिकबाई जामनेरहून निघून कुठं कुठं फिरत शेवटी मिरज स्टेशनात. उपचार होऊन बऱ्या झालो तेव्हा आम्हाला न्यायला कोणी आलं नाही. अशा बायकांना पुन्हा रस्त्यावर सोडायचं किंवा जन्मभर वॉर्डात ठेवायचं, याऐवजी संस्थेनं साधी घरं भाड्यानं घ्यायला सुरुवात केली होती. दारावर पाटी नाही, फाटकाला पहारेकरी नाही, चावी आमच्याच कमरेला. शबानाताई मुल्ला सकाळी स्कूटरवरून यायच्या. औषधं घेतली का बघायच्या, बाजारहाटाला, दवाखान्याला मदत करायच्या आणि जायच्या. बाकीचा दिवस आमचा.

घरमालक डुबल माणूस भला, पण घाबरट. कॉलनीत कुजबुज सुरू झाली तेव्हा त्यांनी शबानाताईंना स्पष्ट सांगितलं, एक तक्रार आली की घर रिकामं करायचं. हे त्यांनी आमच्या समोरच सांगितलं आणि वर आम्हाला, "बाकी घर आवडलं ना?" असंही विचारलं.

कुजबुजीचं मूळ होत्या शेजारच्या जंगम मावशी. रिटायर्ड मुख्याध्यापिका, एकट्याच राहायच्या. त्यांच्या आणि आमच्या अंगणात कमरेएवढी भिंत. झाडांना पाणी घालताना त्या आमच्याकडे अशा बघायच्या, की आपण वर्गात उशिरा आलोय असं वाटावं.

तेव्हा आम्ही ठरवलं, आवाजच करायचा नाही. कुकरची शिट्टी होते म्हणून कुकर माळ्यावर टाकला. भांडी घासताना मोरीत पोतं अंथरायचं. कौतिकबाईला शिंक आली की ती पदराचा बोळा तोंडावर दाबून धरायची. एकमेकींशी आम्ही लग्नघरच्या पाहुण्यांसारख्या वागत होतो. "तुम्ही घ्या आधी." "नको नको, तुम्ही घ्या." शबानाताई रोज विचारायच्या, "आज काय करताय जेवायला?" आणि आम्ही म्हणायचो, "तुम्ही सांगाल ते." वॉर्डात राहून आम्ही एवढं पक्कं शिकलो होतो, की जिला काहीच नको असतं तीच बाई बरी झालेली समजतात. त्यामुळे स्वतःच्या घरात, स्वतःच्या गॅसवर आम्ही महिनोन्‌महिने वॉर्डातलंच पातळ वरण शिजवून खाल्लं.

कुमुद तर तेही खात नसे. ती आपलं केळं सोलून नाही तर अंडं उकडून खोलीत नेऊन खायची. आम्हाला वाटायचं, हिला आमच्या हातचं आवडत नाही. पण विचारायची सोय नव्हती. विचारलं की बोलणं आलं, आणि बोलणं आलं की आवाज आला.

कौतिकबाईच्या कानात एक माणूस बोलायचा. ती ते लपवत नसे. "औषधानं तो दूरच्या खोलीत गेला," ती सांगायची, "पण फोडणीचा वास आला की दारात येऊन उभा राहातो." तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवणं हा त्याचा मुख्य उद्योग.

त्या दिवशी बाजारात कृष्णाकाठची चांगली टपोरी वांगी आली होती. शबानाताईंनी ती आणली, नेहमीचा प्रश्न विचारला, आणि कौतिकबाईच्या तोंडून निसटलं, "भरीत." बोलल्यावर तिनं स्वतःच जीभ चावली. शबानाताई वांगी ओट्यावर ठेवून गेल्या.

मग मात्र कौतिकबाई वेगळीच बाई झाली. ही वांगी भरताची नाहीतच, भरताची वांगी आमच्या जामनेरकडची, असं म्हणत म्हणत तिनं ती भाजली. घरभर धूर झाला. मिरच्या आणि लसूण वरवंट्यानं ठेचला आणि कोणाला पातेल्याजवळ फिरकू देईना. मी हळूच दाण्याच्या कुटाची वाटी पुढे केली, तर तिनं माझा हात माशी हाकलावी तसा बाजूला केला. मी पीठ मळायला घेतलं. कौतिकबाई कोथिंबीर खुडायला अंगणात गेली, आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागे कुमुदनं आपलं काम उरकलं.

"आमच्या गुहागरला घालतात," कुमुद आता म्हणाली.

"मंग गुहागरले जाऊन टाक."

"हळू बोला," मी म्हटलं.

"तू मधी पडू नको. तू तर ते कूट घेऊन केव्हाची टपून बसेल होती."

हे खोटं नव्हतं, म्हणूनच मला जास्त लागलं. "कूट नसलं तर भरताला अंग येतं का? आमच्या मंगळवेढ्यात असलं भरीत गुरंसुद्धा..." इथे माझाही आवाज चढला होता. तो ऐकून मीच दचकले, पण थांबता येईना. किती दिवसांची वाटीभर कुटाची इच्छा साचलेली होती कोण जाणे.

"तो बी म्हणतो," कौतिकबाई कानाकडे बोट दाखवून म्हणाली, "खोबरं नको आणि कूट बी नको."

"त्याचं मत धरायचं नाही," कुमुद म्हणाली. "तो इथे राहत नाही."

"त्याला म्हणावं, आधी येऊन भांडी घास," मी म्हटलं, "मग चव सांग."

कौतिकबाईचा चेहरा एकदम उतरला. त्या माणसानं तिचं अर्धं आयुष्य खाल्लं होतं. रोज सकाळी त्याला दबक्या आवाजात शिव्या घालत ती उठायची. पण मी त्याला बोललेलं तिला खपलं नाही.

"मी त्याले काय बी म्हणेन," ती म्हणाली. "तू कोण त्याले बोलणारी?"

मी रागानं हात झटकला आणि परात ओट्यावरून खाली गेली. स्टीलची परात फरशीवर पडली की लगेच थांबत नाही. ती गोल गोल फिरत राहिली, नाद करत राहिली, आणि आम्ही तिघी तिच्याकडे बघत उभ्या. थांबली तेव्हा शेजारच्या अंगणातून जंगम मावशींचा आवाज आला, "काय चाललंय तिथे?" आणि पाठोपाठ त्यांचं फोनवरचं बोलणं. "डुबलसाहेब, ताबडतोब या."

मी गॅस बंद केला.

भावाच्या घरी माझा आजार सुरू झाला तेव्हा मी खरंच भलतंसलतं बोलत होते. शेजारचा टीव्ही माझी बदनामी करतो म्हणून त्यांच्या दारावर मी दगडही मारले होते. पण पुढे बरी असतानाही, आमटी खारट झाली एवढं जरी म्हटलं, तरी वहिनी पोरांना आत घेऊन कडी लावायची. आवाज चढला की "झटका आला." वॉर्डात आवाज चढला की सुई. पुढचं सगळं मला पाठ होतं. मी खोलीत गेले, साड्या, कंगवा आणि गोळ्यांची डबी पिशवीत भरली आणि बाहेर पायरीवर येऊन बसले. गाडी आली की ओढून न्यायची वेळ कोणावर येऊ नये, एवढंच डोक्यात होतं.

थोड्या वेळानं कौतिकबाई आपलं गाठोडं घेऊन आली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मग कुमुद आली. तिच्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात उरलेली नारळाची वाटी. एसटीची वाट बघावी तशा आम्ही ओळीनं बसलो.

भिंतीपलीकडून जंगम मावशी बघत होत्या. "कुठे निघालात?" त्यांनी विचारलं.

"न्यायला येतील," मी म्हटलं.

"कोण?"

मी फाटकाकडे बघितलं.

डुबलांनी कळवलं असणार, कारण त्यांच्या आधी शबानाताईंची स्कूटर आली. त्यांनी हेल्मेट काढलं, आमच्या पिशव्यांकडे पाहिलं.

"गावाला निघालात का?"

"मी गोळ्या घेतल्यात," मी म्हटलं.

"मीही घेतल्यात," कुमुद म्हणाली.

"म्या बी."

"गोळ्यांचं मी विचारलंच नाही. झालं काय?"

कुमुदनं नारळाची वाटी पिशवीमागे सरकवली. शेवटी मीच म्हटलं, "भांडण झालं."

"कशावरून?"

"भरतावरून."

शबानाताई माझ्या शेजारी पायरीवर बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "मालनबाई, नीट आठवून सांगा. झोप लागते ना? कोणी आपल्याबद्दल बोलतंय, बघतंय, असं काही?"

मी खरोखरच आत डोकावून पाहिलं. घर सोडताना सगळे कोपरे बघून घ्यावेत तसं. तिथे तसलं काही नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "राग आला होता."

"आणि आता?"

"आता पण आहे."

"असू दे मग," शबानाताई म्हणाल्या. त्या हे इतक्या सहज म्हणाल्या, की मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. त्यांनी फोन काढला नाही, डॉक्टरांना बोलावलं नाही. रागाला नुसतं राग म्हणणारं माणूस मला फार वर्षांनी भेटत होतं. "पण भरतात असं घातलं काय होतं?"

"खोबरं," कौतिकबाई पाठ न वळवता म्हणाली.

"खोबरं?" शबानाताईंनी कुमुदकडे पाहिलं. आमच्यापैकी कोणाबद्दलची नापसंती त्यांच्या आवाजात मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

तेवढ्यात डुबलांची मोटरसायकल फाटकाशी थांबली. त्यांच्या मागोमाग जंगम मावशीही आत आल्या.

"मी आधीच सांगितलं होतं, मॅडम," डुबल शबानाताईंना म्हणाले. "माझा वैयक्तिक काही आक्षेप नाही. पण तक्रार आली म्हणजे आली."

"काय तक्रार आहे ते तरी ऐकू," शबानाताई उठून उभ्या राहिल्या.

सगळे जंगम मावशींकडे बघायला लागले. त्यांनी चष्मा पुसला आणि परत लावला.

"इतके महिने या घरातून मला एक आवाज ऐकू आलेला नाही," त्या म्हणाल्या. "ना भांड्याचा, ना बोलण्याचा. मी आयुष्यभर शाळेत काढलंय, डुबल. वर्ग एकदम गप्प असला की मला घाम फुटतो. रोज भिंतीशी उभी राहून कान देत होते मी. वाटायचं, आत शिजतंय तरी काय."

"वरण," कुमुद प्रामाणिकपणे म्हणाली.

जंगम मावशींनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या ओठाचा कोपरा जरा हलला. "आज भांडण ऐकलं. शब्दन्‌शब्द ऐकला. तेव्हा कळलं, आत साधी माणसं राहतात."

"पण फोन तर तुम्हीच केलात," डुबल म्हणाले.

"केला. परात पडली तेव्हा वाटलं, कोणाला तरी लागलं. एकटीनं आत जायचं धाडस झालं नाही, तेही खरं. भीती अजून पुरती गेलेली नाही." हे त्या आमच्याकडे बघून, सरळ म्हणाल्या. "पण तक्रार म्हणाल तर माझी नाही. भांडण झालं म्हणून घर रिकामं करायचं ठरवलं, तर कॉलनीत राहणार कोण? परवा मी तुमच्याकडे आले होते, तेव्हा बेडरूममध्ये कपाटाचं दार कोण आपटत होतं?"

डुबल मोटरसायकलकडे वळून तिच्या आरशात काही तरी बघायला लागले. मग म्हणाले, "नाही, तसं काही नाही. पण जरा बेतानं... म्हणजे दुपारी लोक झोपतात." आणि गेले.

पायरीवर आम्ही तशाच बसून होतो. पिशव्या मांडीवर होत्या आणि त्यांचं आता काय करायचं ते कळत नव्हतं.

"ते भरीत आहे की टाकून दिलं?" जंगम मावशींनी विचारलं.

त्यांना आत घेऊन जाणं भाग होतं. आमच्याकडे आलेल्या त्या पहिल्या पाहुण्या, आणि बसायला द्यायला धड पाटही नव्हता. मी परात उचलून पीठ गोळा केलं, नव्यानं भाकरी केल्या. कौतिकबाईनं भरीत वाढलं, हात सैल सोडून. आणि मग आमच्या लक्षात आलं, की कुमुदनं आपणहून ताट घेतलंय आणि ती आमच्या पंगतीत बसलीय.

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, भरीत लावलं आणि घास बराच वेळ हातात धरून ठेवला. आम्ही सगळ्या नको तितक्या जोरात दुसरीकडे बघत होतो. मग तिनं तो तोंडात घातला.

"नारळ मी स्वतः फोडला," ती चावून झाल्यावर म्हणाली. "न फोडलेल्या नारळात कोणी काही मिसळू शकत नाही." दुसरा तुकडा मोडत ती पुढे म्हणाली, "मला पुष्कळ वर्षं वाटायचं, माझ्या अन्नात कोणी तरी काही घालतं. आता कळतं, तसं नसतं. पण कळलं तरी हात पुढे होत नाही. आज भरताचा वास आला आणि फार खावंसं वाटलं. म्हटलं, त्यात माझ्या हातचं काही पडलं तर कदाचित घास उतरेल."

केळं आणि अंडं का, ते मला तेव्हा कळलं.

कौतिकबाईनं पातेलं ओढलं आणि उरलेल्या भरतातला मोठा वाटा कुमुदच्या ताटात घातला. "घे," ती म्हणाली. "पण बाई, सांगून टाकत जा."

"मला तरी वाईट लागत नाहीये," शबानाताई म्हणाल्या.

जंगम मावशींनी परीक्षकासारखा आणखी एक घास घेतला. "नापास करता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण या वांग्याला कूटच हवं होतं." मला इतकं बरं वाटलं, की मी त्यांना न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. डुबलांचं घर अजून आमच्याकडेच आहे, आणि अशी आणखी दोन घरं संस्थेनं त्याच कॉलनीत घेतली. त्यातलं एक जंगम मावशींनी मिळवून दिलं, मालकाशी भांडून.

पण त्या दिवसाचं सांगायचं ते निराळंच आहे. कुमुदचा अपराध कौतिकबाईनं पंगतीतच माफ केला. माझा केला नाही. कानातल्या माणसाला मी भांडी घासायला सांगितलं, याचा राग धरून तिनं माझ्याशी अबोला धरला. समोरून आली की मान फिरवायची. माझ्या कपाला हात लावायची नाही. माझ्यावर रागावलेली माणसं मी आयुष्यात बरीच पाहिली होती. ती एक तर निघून गेली, नाही तर त्यांनी मला हाकलून लावलं. ही बाई रागावली आणि माझ्याच शेजारच्या खाटेवर पाठ फिरवून खुशाल घोरत पडली. सकाळी उठले तर ती तिथेच होती, आणि राग पण होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खोलीत बसले होते. स्वयंपाकघरातून कौतिकबाईचा आवाज आला, मला ऐकू जाईल इतका मोठा.

"तिले सांग, ताट वाढलं."

"मालनबाई, ताट वाढलंय," कुमुद दारात येऊन म्हणाली.

"तिला सांग, मला भूक नाही," मी म्हटलं.

"त्यांना भूक नाही," कुमुदनं आत जाऊन सांगितलं.

आत काही तरी आपटलं. बहुतेक झाकण.

"तिले सांग, नखरे पुरे. भाकर थंड होऊन राहिली."

भूक तर मला सपाटून लागली होती. तरी मी लगेच उठले नाही. पदर नीट केला, पाय लांब केले, भिंतीला टेकून बसले. आपल्याला पुन्हा एकदा बोलावणार आहेत अशी खात्री असली, की जेवायला उशीर करण्यात फार मजा असते.